पेटीतले लुगडे आणि भिंतीवरची चित्रे

जानेवारी महिना होता. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. पूर्णा तालुक्यातील एका गावी मी बैठकीला गेलो होतो. विषय नेहमीचाच. कपाशीची फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या बांधाला रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. हे मी इतक्या गावांत आणि इतक्या वेळा सांगितले आहे की झोपेतून उठवले तरी बिनचूक सांगेन. बैठक हायस्कूलच्या मोठ्या खोलीत ठेवली होती. जाऊन पाहतो तो खोली आधीच गच्च भरलेली. मला क्षणभर आनंद झाला. मग कळले की गर्दी माझ्यासाठी नव्हती.

दारावर मुलांनी खडूने लिहिले होते, 'वस्तुसंग्रहालय. चपला बाहेर काढा.' आत दोन भिंतींना सुतळी ताणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रे अडकवली होती. तिसऱ्या भिंतीशी बाके जोडून त्यांवर जुने कपडे मांडले होते. चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी हळदीकुंकवाचे निमित्त करून गावातल्या लेकी-सुना बोलावल्या होत्या. येताना प्रत्येकीने घरातला एखादा जुना कपडा आणायचा, वाणाऐवजी तो दोन दिवस शाळेत ठेवायचा, असा बेत होता.

"साहेब, तुमची बोंडअळी अर्धा तास थांबेल ना?" बाईंनी विचारले.

बोंडअळी कुणासाठी थांबत नाही. पण मी थांबलो, आणि अर्ध्या तासाचे दोन तास कधी झाले ते कळले नाही.

भिंतीवरची चित्रे होती भानू अथैया यांच्या कामाची. काही त्यांच्या छापून आलेल्या रेखाटनांच्या रंगीत झेरॉक्स, आणि बरीचशी बाईंनी स्वतः सिनेमे पुन्हा पुन्हा पाहून काढलेली. अस्सल कागद एकही नव्हता, आणि बाईंनी तसे पाटीवर स्पष्ट लिहूनही ठेवले होते. हे मला आवडले. बियाण्याच्या पिशवीवर काय आहे आणि काय नाही, हे दोन्ही लिहिलेले असावे.

भानू अथैया हे नाव आपल्या वाचक भगिनींपैकी किती जणींनी ऐकले असेल, सांगता येत नाही. त्यांनी केलेले कपडे मात्र बहुतेकींनी पाहिलेले आहेत. 'लगान' पाहिला असेल तर नक्कीच. त्या कोल्हापूरच्या. माहेरचे नाव भानुमती राजोपाध्ये. जन्म 28 एप्रिल 1929 चा. सात भावंडांतल्या तिसऱ्या. वडील अण्णासाहेब चित्रकार होते आणि बाबूराव पेंटर यांच्या सिनेमांत काम करीत. बाबूराव पेंटर म्हणजे 1925 साली 'सावकारी पाश' काढणारे. सावकाराच्या कर्जात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट होती आणि तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. तो सिनेमा मुका होता, पण त्यातले दुःख आपल्या लोकांना आजही समजावून सांगावे लागणार नाही.

भानू नऊ-दहा वर्षांची असताना वडील वारले. घरात सात लेकरे. आईचे नाव शांताबाई. अशा घरातल्या मुलीने पुढे मुंबईला जाऊन जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावी, ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती. आजही नाही. 1951 साली त्यांना तिथे सुवर्णपदक मिळाले. 1953 मध्ये मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. पुढे मोठी नावे झालेले चित्रकार त्या गटातले. पण पोट चित्रांवर भरत नव्हते. म्हणून 'ईव्हज वीकली' आणि 'फॅशन अँड ब्यूटी' या बायकांच्या इंग्रजी मासिक-साप्ताहिकांत त्या कपड्यांची रेखाटने काढू लागल्या. तिथल्या संपादकीणबाईंनी कपड्यांचे दुकान काढले आणि म्हणाल्या, नुसती चित्रे काय काढतेस, हे कपडे करून दाखव. तिथून सिनेमाच्या नट्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. 1956 च्या 'सी.आय.डी.' पासून सुरुवात झाली आणि मग शंभरावर सिनेमे झाले. 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम', 'गाइड', 'वक्त'. यादी मोठी आहे, ती सगळी इथे देत नाही.

चित्रांपुढे उभी असलेली एक आजी मला म्हणाली, "साहेब, ही बाई शिंपीण व्हती का?"

प्रश्न अगदी योग्य होता. उत्तर द्यायला मला बाईंची मदत घ्यावी लागली.

वेशभूषाकार स्वतः शिलाई यंत्रावर बसतोच असे नाही. तो आधी कागदावर माणूस काढतो आणि त्याच्या अंगावर कपडा काढतो. पेन्सिलीने बाहेरची रेघ, मग पाण्याच्या रंगांनी कापडाचा रंग. कागदाच्या कडेला चिंधीएवढा कापडाचा तुकडा टाचणीने लावायचा. शेजारी बारीक अक्षरात टिपणे: कापड कोणते, अस्तर आहे की नाही, गुंडी की बंद, काठ किती बोटांचा, निऱ्या किती. पाठमोरे चित्र वेगळे, कारण समोरून साधी दिसणारी चोळी पाठीवर कशी बांधली आहे हे शिंप्याला कळले पाहिजे. आपण माती परीक्षणासाठी नमुना पाठवतो तेव्हा पिशवीत चिठ्ठी घालतो ना, गट नंबर, खोली, मागचे पीक? चिठ्ठी नसली तर ती नुसती माती. तसेच हे. टिपणाशिवायचे रेखाटन म्हणजे नुसते चित्र. टिपणासह ते कामाचा कागद होतो. दहा शिंप्यांना दिला तरी दहाही जण एकच कपडा शिवतील.

एक गंमत बाईंनी दाखवली. खरा माणूस आपल्या डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो. फॅशनच्या कागदावरची बाई मात्र नऊ पट काढतात. कपडा खुलून दिसावा म्हणून. "तरीच म्हनलं, ह्या समद्या ताडावानी का दिसतात," एक काकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. त्यातच 1968 च्या 'ब्रह्मचारी' सिनेमातल्या मुमताजच्या नारिंगी साडीचे चित्र होते. त्या साडीच्या निऱ्या आधीच शिवून टाकलेल्या आणि कडेला चेन लावलेली. घातली की झाली साडी. नऊवार नेसून आयुष्य गेलेल्या आजीला हे काही पटेना. "मंग तिला लुगडं कसं म्हनायचं? झबलंच की ते," असा तिचा निवाडा.

पुढच्या चित्राजवळ मी बराच वेळ थांबलो. 1966 च्या 'आम्रपाली' चे ते होते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैशाली नगरीची ती गोष्ट, आणि तेव्हाचा कपडा कुणी पाहिलेला नाही. मग भानूबाईंनी काय केले? त्या अजिंठ्याला गेल्या. आपल्याच मराठवाड्यातल्या लेण्यांत जाऊन भिंतीवरच्या बायका त्यांनी निरखून पाहिल्या. कमरेचे वस्त्र कसे गुंडाळले आहे, त्यावर पट्टे कोणत्या दिशेने जातात, मेखला कुठे टेकते, केसांत काय माळले आहे. त्यावरून वैजयंतीमालेचे कपडे झाले. अजिंठ्याला शाळेच्या सहलीत मीही गेलो होतो. इतकी माणसे जातात. मला त्या सहलीतली माकडे आठवतात आणि डब्यातल्या दशम्या आठवतात. भिंतीवरच्या एकाही बाईच्या अंगावरचे वस्त्र मला आठवत नाही. आपण पाहिले आणि त्यांनी पाहिले, यातला फरक तेवढा.

पाहण्याचा हा धडा मला एकदा मिळाला होता, पण तो शेतीच्या वर्गात. बी.एस्सी.ला असताना कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीत अळीचे चित्र काढायचे असे. मी पुस्तकातले चित्र बघून देखणी अळी काढली. सरांनी वही परत केली आणि भिंगाखालची अळी दाखवून विचारले, "हिच्या अंगावर ठिपके किती आहेत?" मी मोजलेच नव्हते. "तू अळी काढली नाहीस, तू पुस्तक काढलेस," ते म्हणाले. पुढे तीस वर्षे मी शेतकऱ्यांना कीड ओळखायला शिकवतो आहे, ते त्या एका परत आलेल्या वहीच्या जोरावर.

गांधीजींचा पंचा

भिंतीच्या मध्यभागी गांधीजींची चार चित्रे एका ओळीत होती. भानूबाईंना जगाच्या पाठीवर नाव मिळाले ते रिचर्ड ॲटनबरो यांच्या 1982 च्या 'गांधी' सिनेमामुळे. त्या सिनेमाच्या वेशभूषेसाठी 11 एप्रिल 1983 रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. इंग्रज वेशभूषाकार जॉन मोलो यांच्याबरोबर ते विभागून होते. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणजे ही कोल्हापूरची मुलगी.

त्या चार चित्रांत एका माणसाचे कपडे कसे कमी कमी होत गेले ते दिसत होते. आफ्रिकेतला सुटाबुटातला वकील. मग 1915 साली मुंबईच्या बंदरावर उतरलेला, काठेवाडी अंगरखा आणि मोठे पागोटे घातलेला माणूस. मग सदरा आणि टोपी. आणि शेवटी नुसता पंचा. सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईला गांधीजींनी सदरा-टोपी सोडून गुडघ्यापर्यंतचा पंचा नेसला आणि पुढे तो कायमचा झाला. कारण काय, तर विलायती कापड टाकून खादी घ्या म्हणावे, तर गरीब माणूस म्हणे की खादीचे पुरते कपडे घेण्याइतका पैसा नाही. मग कमी कापडात भागवता येते हे त्यांनी स्वतःच्या अंगावर दाखवले. शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगावर तेवढेच कापड होते.

सिनेमासाठी हे करणे सोपे वाटते. पंचाच तर आहे! पण बाईंनी समजावले की अवघड तेच असते. नवाकोरा पंचा पडद्यावर नाटकी दिसतो. खादीचा पोत जाड हवा, धुऊन धुऊन मऊ पडलेला हवा, नेसण्याची पद्धत वयाप्रमाणे बदलली पाहिजे. आणि मागे माणसांचा समुद्र. अंत्ययात्रेच्या प्रसंगासाठी 1981 च्या जानेवारीत दिल्लीला सुमारे तीन लाख माणसे जमली होती. सिनेमाचा काळही आफ्रिकेतल्या दिवसांपासून 1948 पर्यंतचा. नवे कापड जुने करण्याचे काम अशा सिनेमांत शिवण्याइतकेच मोठे असते. कापड चहाच्या पाण्यात बुडवायचे, दगडावर घासायचे, कोपर-गुडघ्याशी विरवायचे.

हे ऐकून एक शेतकरी मागून म्हणाला, "आमच्याकडं पाठवा म्हनावं कापडं. आमी फुकटात जुनी करून देतो." बैठकीसाठी आलेले पुरुष आता आत शिरले होते.

खादीवरून थोडे विषयांतर करतो. आपला परभणी जिल्हा कापसाचा. अमेरिकन वाण आणि संकरित वाण येण्याआधी इथे 'गावरानी' देशी कपाशी होती. तिचा धागा देशी कपाशीत लांब, आणि निजामाच्या काळात ती नावाजलेली होती. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कपाशीवर पुढेही काम चालू ठेवले आहे. इतके असून त्या खोलीत उभे राहून मी सहज नजर टाकली, तर पाच-सहा म्हाताऱ्या माणसांची धोतरे सोडली तर निव्वळ सुती असे क्वचितच कुणाच्या अंगावर होते. माझा सदराही मिश्र कापडाचा. कापूस विकून आपण पॉलिस्टर घेतो. ते वाळते लवकर आणि इस्त्री लागत नाही, हे मीही जाणतो. तक्रार करत नाही, पाहिले ते सांगतो.

'लगान' ची चित्रे मुलांनी सर्वांत पुढे लावली होती. 2001 चा हा सिनेमा, गोष्ट 1893 सालची, चित्रीकरण कच्छमध्ये भूजजवळ. पाऊस नाही आणि सारा दुप्पट, हे तिचे मूळ. भानूबाईंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी एक 'लेकिन' साठी 1990 च्या सिनेमांत मिळालेला होता. 'लगान' मध्ये एका बाजूला इस्त्रीचे गोरे साहेब आणि दुसऱ्या बाजूला गाव. गावातली माणसे सगळी गरीब, पण सगळ्यांचे कपडे एकसारखे नाहीत. लोहार वेगळा, कोंबड्या पाळणारा वेगळा, वैद्य वेगळा, मुखिया वेगळा. गरिबी दाखवायची म्हणून सगळ्यांना एकाच मळक्या रंगात बुडवलेले नाही. शेतकऱ्याचा कपडा हा विचार करून काढण्याजोगा आहे असे ज्या बाईला वाटले, तिच्याविषयी मला त्या दिवशी फार आपुलकी वाटली.

बाकावरचे कपडे

आता तिसऱ्या भिंतीकडे वळतो. बाकांवर काय काय होते! नारायणपेठी लुगडे, इरकली लुगडे, खणाच्या चोळ्या, बाळाची कुंची, मोत्याचे टोपडे, बंदाची बंडी, काळी घोंगडी, एका घरून आलेला जरीचा फेटा. प्रत्येकाशेजारी मुलांनी चिठ्ठी ठेवली होती: कोणाचे, कधीचे, कोणत्या प्रसंगाचे. एका लुगड्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'आजीच्या लग्नातले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जाताना हेच नेसायची, कारण दुसरे नव्हते.' लग्नाचे लुगडे आणि खडीचे लुगडे एकच. काठावर अजून हळदीचा डाग होता.

पुरुषांचे कपडे मात्र फारच थोडे. बाईंनी कारण विचारले तर बायका म्हणाल्या, लुगड्याची वाकळ होते म्हणून ते राहते. धोतर फाटले की पुसायला जाते. आणि बाकी सगळे बोहारणीकडे. स्टीलच्या दोन पातेल्यांवर किती काठपदर गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मला माझ्या वडिलांचा पटका आठवला. वडील कोरडवाहू शेतकरी. आयुष्यभर पांढरा पटका बांधत. तो पांढरा राहिला नव्हता, पळाटीच्या मातीचा रंग त्याला कायमचा आला होता. ते गेल्यावर वर्षभर तो खुंटीला होता. मग रब्बीत ज्वारी हुरड्यावर आली, पाखरे पडू लागली, आणि मी स्वतः तो काढून बुजगावण्याला बांधला. कृषी पदवीधर माणूस मी, पाखरे कशी हाकावीत याचा शास्त्रीय विचार केला आणि बापाचा पटका काठीला गुंडाळला. अवकाळी पाऊस आला, पटका कुजला. त्या वेळी काहीच वाटले नाही. त्या दिवशी शाळेत बाईंनी सहज विचारले, "साहेब, तुमच्याकडे जुन्या माणसांचा पटका कसा बांधायचे? मुलांना काढायचाय." मी खडू घेतला. फळ्यावर डोके काढले, आणि हात थांबला. शेव डाव्या कानावर सुटायचा की उजव्या? वेढे सपाट की पिळाचे? घरात त्यांचा एकच फोटो, तोही स्टुडिओतला, आणि त्यात कुणाची तरी टोपी घातलेली. वीस-पंचवीस वर्षे रोज सकाळी समोर बांधलेला पटका मला काढता येईना.

एका म्हाताऱ्या बाबांनी माझी अडचण ओळखली असावी. ते पुढे आले, बाकावरचा फेटा उचलून मांडीवर पीळ घालत त्यांनी मुलांना दाखवू लागले. मी फळा पुसला.

कुणीतरी विचारले, ते ऑस्करचे बक्षीस आता कोल्हापूरला आहे का? नाही. 2012 साली भानूबाईंनी ते अमेरिकेतल्या त्या अकादमीकडेच सांभाळायला परत दिले. आपल्यामागे इथे ते नीट राहील याची त्यांना खात्री वाटेना. 2004 मध्ये शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीला गेले होते, ते त्यांच्या मनात होते. 15 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरात प्रिन्सेप्स या मुंबईच्या संस्थेने त्यांच्याकडच्या जुन्या चित्रांचा लिलाव केला. म्हणजे बक्षीस परदेशी आणि चित्रे ज्याने घेतली त्याच्या घरी. म्हणून तर त्या गावच्या भिंतीवर झेरॉक्स होत्या.

नववीतल्या मुलीचे चित्र

खरी गोष्ट पुढेच आहे. बाईंनी वर्गाला एक काम दिले होते: घरातल्या एका माणसाचा कामाचा कपडा काढा, टिपणासह. सणाचा नको, कामाचा. बहुतेकांनी हौसेने फेटे आणि नऊवारीच काढली होती, मुलेच ती. नववीतल्या एका मुलीने मात्र आपली आई काढली, कापूस वेचायला निघालेली. साडी घोट्याच्या वर खोचलेली. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा. डोक्याला रुमाल, तोंडाला त्याचेच टोक. कमरेला कापसाची झोळी. पायांत दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला. कडेला टिपणे होती. 'सदरा बाबांचा, बाह्या खाली ओढलेल्या, कारण बोंडाची टोके हाताला ओरखडतात. वरची गुंडी नाही, तिथे पिन. पाठीवर ठिगळ, निळे, माझ्या जुन्या गणवेशाचे.' आणि शेजारी पाठमोरे चित्र, ठिगळासह. माणूस साडेसात डोक्यांचा, नऊ नव्हे.

मी हजारो बायका असा सदरा घालून कापूस वेचताना पाहिल्या आहेत. कोणत्याही कारखान्याने तो पोशाख काढलेला नाही, कोणत्या विभागाने शिफारस केलेली नाही. बायकांनी स्वतःच काढला. ओरखडे चुकतात, उन्हापासून बचाव होतो, फवारणीनंतरच्या पानांचा हाताला थेट स्पर्श होत नाही. फवारणी करताना पुऱ्या बाह्या घाला हे पुरुषांना सांगून सांगून आमचा घसा बसला, आणि कापूस वेचताना बायकांनी ते न सांगता केले. त्याचे चित्र त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिले.

मुलीची आई हळदीकुंकवाला आली होती. ठेवणीतली साडी नेसून. चित्रापाशी आली आणि तिचा चेहरा उतरला.

"हे काय लावलंय? समद्या गावासमोर माजं फाटकं ध्यान?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "काढ आधी ते."

मुलगी काही बोलेना. बाई मध्ये पडल्या नाहीत. मला वाटले होते पडतील. आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. त्या प्रत्येकीच्या घरी खुंटीला तसाच सदरा होता. आईने स्वतःच चिमट्याला हात घातला. मग तिची नजर पाठमोऱ्या चित्रावर गेली. वाकून तिने टिपण वाचले. सावकाश वाचले, कारण अक्षर बारीक होते.

"हे ठिगळ निळं हाय हे तुला कसं म्हाईत? मी रात्री लावलं व्हतं."

"तू माझ्या म्होरं चालतीस ना," मुलगी म्हणाली. "शेतात जाताना रोज."

आईने चिमटा सोडला. चित्र तिथेच राहिले.

बैठक झाली एकदाची. फरदड, पऱ्हाट्या, कामगंध सापळे, सगळे सांगून झाले. निघताना मुलीचे वडील मोटारसायकलजवळ येऊन उभे राहिले. बोंडअळीबद्दल काही विचारतील असे वाटले. त्यांनी विचारले, "साहेब, ह्या चित्राचं पुढं काही असतं का? म्हंजे पोटापान्याचं?" दहावीनंतर पोरीला घरी बसवायचे असे ठरत होते. कॉलेज लांब, एसटी दिवसातून दोनदा, आणि पाहुण्यांकडून एक स्थळही सुचवलेले. अठरा वर्षांच्या आत स्थळाचे नावही काढू नका, तो गुन्हा आहे, हे मी आधी सांगितले. त्यांनी मान हलवली. मग मला जे माहीत होते ते सांगितले, आणि ज्यांच्या घरी अशी लेक असेल त्यांच्यासाठी इथेही देतो.

शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या दोन परीक्षा देता येतात. पुढे चित्रकलेच्या शिक्षणासाठी त्या उपयोगी पडतात. दहावीनंतर आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. बारावी झाली तर परभणीच्या कृषी विद्यापीठातच सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. पूर्वी त्याला गृहविज्ञान म्हणत. तिथे कापड आणि कपडे हा विषय शिकवतात. छत्रपती संभाजीनगरला शासनाचे चित्रकला महाविद्यालय आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचे माहितीपत्रक हातात घेऊनच पाहावे. यातून सगळ्यांना ऑस्कर मिळत नाही हेही मी त्यांना सांगितले. शिंप्याच्या दुकानाला, तयार कपड्यांच्या कारखान्याला, शाळेला मात्र असा हात लागतो.

"इंटरमिजिएटचा फॉर्म कुठं भेटतो?" त्यांनी विचारले.

"शाळेतच. बाईंकडे."

ते पुन्हा शाळेकडे वळले. मी गाडी चालू केली, तेवढ्यात ती खडीच्या लुगड्याची आजी वाटेत आडवी आली. लुगडे तिने परत घेतले नव्हते. घरी त्याची वाकळ शिवायला काढायची म्हणून सुनेने दोरासुद्धा आणून ठेवला होता. "बाईस्नी सांगा," ती म्हणाली, "त्या पोरीला म्हनावं आधी काढून घी. काठ नीट काढ. डाग बी काढ. मंग वाकळीचं बघू."